हळदीचे बेणे, रानहळदीचे बी

सांगली जिल्ह्यात ज्या घरांमध्ये हळद पिढ्यानपिढ्या होत आली आहे, त्या घरांतही हळदीचे बी कुणी पाहिलेले नसते आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. आमच्या घरातही कुणी पाहिले नव्हते. पावसाळा सरत आला की पानांच्या मधून फिकट हिरवट-पांढरा, कणसासारखा दांडा वर येतो, त्याच्या शेंड्याकडची छदे, म्हणजे फुलांना आडोसा देणारी पाने, किंचित गुलाबी असतात, खालच्या छदांच्या आडून पिवळी फुले डोकावतात आणि थोड्याच दिवसांत सगळे वाळून जाते. फळ धरत नाही. शेतकऱ्याच्या लेखी हे फूल आनंदाचेही नसते आणि काळजीचेही नसते, कारण त्याचे सारे लक्ष जमिनीखाली असते. पुढे वनस्पतिशास्त्र शिकायला लागल्यावर मात्र या वांझ फुलाने मला जितके अडवून धरले, तितके दुसऱ्या कोणत्याही फुलाने धरले नाही.

हळदीच्या वांझपणाचे कारण तिच्या पेशीत आहे. हळद ज्या कुर्कुमा वंशात मोडते, त्यातील भारतातल्या बऱ्याच रानजातींमध्ये 42 गुणसूत्रे आढळतात. लागवडीच्या हळदीत ती 63 असतात, म्हणजे 21 गुणसूत्रांचे तीन संच. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांनी जोड्या लावून दोन सारख्या वाट्यांत विभागायचे असते. संच तीन असले की हा हिशेब जमत नाही आणि बहुतेक परागकण निकामी निघतात. फार पूर्वी 42 गुणसूत्रांच्या एका झाडाचा 84 गुणसूत्रांच्या दुसऱ्या झाडाशी संकर झाला असावा, एकाकडून 21 आणि दुसऱ्याकडून 42 गुणसूत्रे येऊन 63 ही बेरीज झाली असावी, असा तर्क केला जातो. हे जोडपे कुठे भेटले, त्यांतले कोण कोणत्या जातीचे होते, हे आज सांगता येत नाही. पण त्यांच्या पोटी आलेले ते वांझ रोप कुणाच्या तरी नजरेत भरले, त्याचा कंद पिवळाधमक आणि वासाला तिखट निघाला, आणि त्या माणसाने तो खाऊन संपवण्याऐवजी त्यातला एक तुकडा पुन्हा मातीत लावला, एवढे खात्रीने म्हणता येईल. हरियाणातील फरमाणा येथे सापडलेल्या हडप्पाकालीन भांड्यावर आणि मानवी दातांवर हळदीच्या आणि आल्याच्या पिष्टाचे कण मिळाले आहेत. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही ती स्वयंपाकात होती, आणि तेव्हापासून आजपर्यंत कुणी ना कुणी ती दरवर्षी लावत आले आहे.

लावत आले आहे, हे शब्द मी मुद्दाम वापरते. गव्हाचे किंवा ज्वारीचे एखादे जुने वाण चार वर्षे पेरले नाही तरी कणगीत, गाडग्यात, राखेत मळलेले मूठभर दाणे त्याला जिवंत ठेवतात. हळदीला ही सवलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की जेठे (मधले) गड्डे, बगल (बाजूचे) गड्डे आणि हळकुंडे वेगवेगळी केली जातात. ठसठशीत, निरोगी गड्डे बेण्यासाठी बाजूला काढून सावलीत ढीग करून हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवले जातात, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास डोळे फुगू लागले की ते पुन्हा जमिनीत जातात. बाकीची हळद शिजते, वाळते, पॉलिश होते आणि बाजारात जाते. एकदा शिजवले की हळकुंडातला कोंब मेला. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या काठी जमिनीत खोल खणलेली पेवे होती. त्यांत ही शिजवून वाळवलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची, आणि 2005 च्या महापुराने त्यांतली कित्येक निकामी केली, तेव्हा सांगलीच्या व्यापाराचे मोठे नुकसान झाले. त्या पेवांचे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते योग्यही आहे. पण पेवात साठवता यायचा तो माल. वाण साठवायला दोन-अडीच महिन्यांपलीकडे मुदत नाही. ज्या वर्षी एखाद्या घराने आपले जुने बेणे लावले नाही आणि सगळेच्या सगळे काहिलीत, म्हणजे हळद शिजवायच्या मोठ्या कढईत, घातले, त्या वर्षी ते वाण त्या घरापुरते कायमचे संपले.

मग प्रश्न असा पडतो, की जे पीक बी धरत नाही, ज्याचे प्रत्येक झाड आधीच्या झाडाचाच तुकडा आहे, त्यात विविधता येते कुठून? आणि ती येते हे तर उघड आहे. सेलम, राजापुरी, कृष्णा, वायगाव, टेकुरपेटा या नावांनी ओळखली जाणारी हळद पानांच्या रुंदीत, फुटव्यांच्या संख्येत, हळकुंडाच्या जाडीत, आतल्या रंगात आणि पिकायला लागणाऱ्या काळात एकमेकींपासून निराळी असते. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, नुसता गड्डा मोडून, आतला रंग पाहून आणि नाकाशी धरून तो कुणाच्या रानातला असावा हे सांगत, आणि ते बहुधा बरोबर निघे.

याचे एक उत्तर हळू आणि कंटाळवाणे आहे. पेशी विभागताना जनुकांच्या नकलेत अधूनमधून चूक होते; ती चूक ज्या डोळ्यात झाली, त्या डोळ्यातून उगवलेल्या फुटव्यात ती उतरते; तो फुटवा शेतकऱ्याला आवडला तर बेण्यात जातो, नाही आवडला तर काहिलीत. हजारो वर्षे, लाखो रानांत ही निवड चालली तर मूळ एकच असलेल्या झाडांचेही पुष्कळ फाटे फुटतात. दुसरे उत्तर असे, की 63 गुणसूत्रांची झाडे मुळातच एकाहून अधिक वेळा, निरनिराळ्या आईबापांपासून तयार झाली असण्याचीही शक्यता आहे. आणि तिसरे उत्तर हळदीच्या वांझपणालाच थोडा छेद देणारे आहे. क्वचित, फार क्वचित, तिला बी धरते. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशा मुक्त परागणातून मिळालेल्या बियांची रोपे वाढवली, आणि त्यांतूनच निवडलेले 'प्रभा' आणि 'प्रतिभा' हे दोन वाण प्रसारित केले. शतकानुशतके तुकड्यांनी वाढलेल्या पिकात बियांपासून वाण निघावा, ही बातमी बाहेरच्या जगाने फारशी मनावर घेतली नाही, पण आमच्यासारख्यांना ती मोठी वाटते.

जनुकीय खुणा तपासण्याचे तंत्र हाती आल्यावर जे चित्र दिसले, ते मात्र नावांच्या यादीशी नेहमी जुळणारे नव्हते, आणि ही गोष्ट मला हळदीविषयी सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. हळदीच्या एकाच झाडाच्या आत पुष्कळ वैविध्य असते, कारण त्याचे तीन संच एकसारखे नाहीत आणि बियांतून होणारी जनुकांची सरमिसळ होत नसल्याने ते वेगळेपण जसेच्या तसे गोठून राहिले आहे. पण एका झाडाची दुसऱ्या झाडाशी तुलना केली तर फरक थोडा निघतो, आणि निरनिराळ्या गावांची नावे धारण करणारी काही वाणे जनुकांच्या पातळीवर एकमेकींपासून वेगळी काढणे कठीण होते. व्यापारातली बहुतेक नावे गावांची आणि बाजारपेठांची आहेत. माल कुठून आला ते ती सांगतात. बेणे तर बाजारातून बाजारात, पाहुण्यांकडून पाहुण्यांकडे फिरत राहिले. तेव्हा एकाच वाणाला दोन नावे आणि एकाच नावाखाली दोन वाणे, असे दोन्ही घडले.

या पार्श्वभूमीवर भौगोलिक मानांकनाकडे, म्हणजे एखाद्या ठिकाणच्या मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाकडे, पाहिले की मनात थोडी कुरकुर उठते. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये हे मानांकन मिळाले, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये, हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला 2024 मध्ये. तिन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांना त्याचा अभिमान आहे आणि भाव मिळण्यास त्याची मदत झाली तर कुणाचे काही बिघडत नाही. वायगावच्या बाबतीत तर गावाचे नाव, मातीचा गुण आणि वाण या तिन्हींचा मेळ बराचसा खरा आहे. त्या हळदीचा गडद रंग आणि कुर्कुमिन या पिवळ्या द्रव्याचे चढे प्रमाण पाहता तिचे वेगळेपण कुणी नाकारणार नाही. पण मानांकन नावाला मिळते, झाडाला मिळत नाही. मराठवाड्यात गेल्या काही दशकांत हळद झपाट्याने पसरली आणि आज हिंगोली, नांदेड, परभणीच्या शिवारात मुख्यतः सेलम उभी असते, जिचे नाव तमिळनाडूतल्या एका शहराचे आहे. सांगलीकडेही सेलम आता घरचीच झाली आहे. ती उत्पन्न चांगले देते, तेव्हा शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र गावांची नावे कागदोपत्री सुरक्षित होत असताना त्या गावांच्या रानात एकच वाण पसरत जावे, यातली विसंगती मानांकनाच्या सोहळ्यांत कुणी बोलून दाखवत नाही.

एकाच वाणाचे भय काय असते, हे जळगावच्या केळीवाल्यांना वेगळे सांगायला नको. केळीही तीन संचांची, बिनबियांची; जगाच्या बाजारात एके काळी 'ग्रो मिशेल' नावाचे एकच केळे होते आणि मुळांतून शिरणाऱ्या पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा व्यापार बसवला. हळदीतही कंदकूज आहे, पानावरचा करपा आहे, कंदमाशी आहे, आणि हे सगळे रोगट बेण्याबरोबर नव्या रानात पोहोचतात. शेजारी-शेजारी निरनिराळी वाणे असली, तर त्यांतले एखादे तरी तग धरण्याची आशा असते.

वाणांची संख्या घटण्याला औषधी कीर्तीनेही हातभार लावला आहे. आयुर्वेदाने जिला हरिद्रा, निशा, रजनी अशा नावांनी गौरवले, ती संबंध कंद म्हणून; त्यात कुर्कुमिन होते तसेच टर्मेरोनसारखी सुगंधी तेलेही होती. 1815 मध्ये युरोपात तिच्यातले पिवळे द्रव्य वेगळे काढण्यात आले, 1910 मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली, आणि पुढे हळूहळू हळदीची सगळी किंमत त्या एका द्रव्याच्या टक्केवारीवर येऊन ठेपली. सर्वसाधारण हळदीत ते दोन-तीन टक्के, मेघालयातल्या लाकाडाँग हळदीत सात टक्क्यांच्या घरात. अर्क काढणाऱ्या कारखान्याला वरचा आकडा हवा, हे समजण्यासारखे आहे. पण हे द्रव्य पोटातून रक्तात फार थोडे उतरते, हेही ठाऊक झालेले आहे. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातल्या पायपेरीनबरोबर दिल्यास ते अधिक उतरते असे दाखवले, आणि त्यानंतर मिरपूड घातलेल्या गोळ्यांचे पेवच फुटले. या गोळ्यांबद्दलच्या दाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्याहून मला खटकते ते असे, की टक्केवारी ही निवडीची एकमेव कसोटी झाली, तर वासासाठी, कंदकुजीला दाद न देण्यासाठी किंवा उथळ जमिनीत येण्यासाठी जपलेली बेणी एकेक करून काहिलीत जातील. शिवाय टक्केवारी केवळ वाणावर ठरत नाही. तीच हळद दुसऱ्या मातीत, दुसऱ्या पावसात लावली तर आकडा उतरतो, चढतो.

हळदीवरचे गाजलेले प्रकरण म्हणजे अमेरिकेतले पेटंट. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले, आणि रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत दाखले आणि 1953 चा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध पुढे ठेवून 1997 मध्ये ते रद्द करवून घेतले. त्या विजयाचा आनंद आम्ही महाविद्यालयात पेढे वाटून साजरा केला होता. आज मागे पाहताना जाणवते, की सारा वाद हळदीच्या उपयोगाच्या ज्ञानावर होता. कोणती हळद, कुणाच्या रानातली, ती अजून लावली जाते का, हे विचारण्याची वेळच कुणावर आली नाही. ज्ञान ग्रंथात राहते, म्हणून ग्रंथ दाखवून ते वाचवता आले. बेण्याच्या बाबतीत असा ग्रंथ दाखवता येत नाही.

हळदीच्या रानातल्या बहिणींची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जुलैत सिंहगडाच्या किंवा लोणावळ्याच्या उतारावर चालताना ओल्या गवतातून जांभळट-गुलाबी तुरा असलेला, खाली पिवळी फुले धरणारा जो दांडा दिसतो, ती रानहळद. जॉन ग्रॅहम याने मुंबई परिसरातील वनस्पतींच्या 1839 च्या यादीत तिची कुर्कुमा स्यूडोमोंटाना म्हणून नोंद केली. ती सह्याद्रीत आणि पूर्व घाटात आढळते, दख्खनच्या बाहेर ती मूळची नाही. तिच्या मुळांच्या टोकांना पिष्टाने भरलेल्या गाठी धरतात. पावसाच्या आरंभी तिचा तुरा जमिनीतून वेगळा, पानांच्या बाजूने येतो आणि पुढे पानांच्या मधूनही येतो, त्यामुळे एकच जाती दोन ऋतूंत पाहिली तर नवख्याला दोन वाटाव्यात. महत्त्वाचे म्हणजे ती बी धरते. प्रत्येक पावसाळ्यात तिची जनुके पुन्हा पिसली जातात, प्रत्येक रोप थोडे नवे असते, आणि माणसाने तिच्यासाठी काहीही करण्याची गरज नसते. गरज असते ती काही न करण्याची. डोंगराचा उतार कापून बंगल्यांचे प्लॉट पाडले, वणवे लावले, किंवा औषधी म्हणून कंद उपसून नेले, की एका डोंगरावरची वस्ती दुसऱ्या डोंगरापासून तुटते, आणि लहान वस्तीत आपसांतच परागण होऊन विविधता आटत जाते. हळदीला माणूस विसरला तर धोका आहे आणि रानहळदीला माणसाने आठवण काढली तर, असे माझ्या मनाशी मी कधी कधी म्हणते.

कुर्कुमा वंश गुंतागुंतीचा आहे. याना लेओंग-श्कोर्निच्कोव्हा आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी देशभरातले नमुने गोळा करून 2007 मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यात 42 आणि 63 च्या जोडीला 77 आणि 105 असे गुणसूत्रांचे आकडेही निघाले, जे या वंशात त्यापूर्वी नोंदलेलेच नव्हते. काष्टौषधींच्या दुकानात मुका मार लागल्यावर लेपासाठी मिळणारी आंबेहळद, लोणच्यासाठी मिळणारी कैरीच्या वासाची ओली आंबेहळद, कचोरा, काळी हळद ही सगळी याच वंशातली मंडळी. आणि वाळलेल्या तुकड्यांवरून त्यांतले कोण कोण आहे हे दुकानदारालाच काय, पुष्कळदा वनस्पतिशास्त्रज्ञालाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी जनुकीय खुणांचा उपयोग सर्वांत रोखठोक आहे. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील गटाने 2021 मध्ये हळदीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात सुमारे 50 हजार जनुके मोजली गेली. त्यामुळे तुलना करण्यासाठी एक आधार तरी हाती आला.

जुन्या बेण्याचा शोध घ्यायचा तर कुठे घ्यावा, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. बाजारासाठी हळद पिकवणाऱ्या पट्ट्यांत ते सापडण्याची शक्यता दिवसेंदिवस कमी होते आहे. ते कोकणात आणि गोव्यात घरामागच्या परसात सापडेल, जिथे हळद मुख्यतः पानांसाठी लावलेली असते. नागपंचमीला, गौरी-गणपतीत हळदीच्या पानात वाफवायच्या पातोळ्या करायच्या तर ओले, रुंद, वासाचे पान हवे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या सणालाही पातोळ्या होतात. अशा परसातली चार-सहा झाडे कुणी खणत नाही, विकत नाही, आणि टक्केवारी तर कुणीच विचारत नाही. सासूने लावलेल्या हळदीची पाने सून काढते. हे कंद कोणत्या यादीत नाहीत, कोणत्या मानांकनात नाहीत, आणि त्यामुळेच सेलमच्या लाटेतून वाचले असण्याचा संभव आहे. कोझिकोडच्या संस्थेच्या संग्रहात हळदीचे हजाराहून अधिक नमुने दरवर्षी पुन्हा लावून जपले जातात, काही प्रयोगशाळेतल्या नळ्यांत ऊतिसंवर्धनाने. तरी परसांची मोजदाद कोणताही संग्रह पूर्ण करू शकणार नाही.

कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 मध्ये झाला. त्याखाली शेतकऱ्याला आपल्या जुन्या वाणाची नोंद स्वतःच्या नावावर किंवा गावाच्या नावावर करता येते, आणि बेणे राखण्याचा, देण्याघेण्याचा त्याचा हक्क मान्य केलेला आहे. यासाठी वाण इतरांपासून वेगळा, आपल्यात एकसारखा आणि वर्षानुवर्षे स्थिर असल्याचे दाखवावे लागते. हळदीला स्थिरतेची अट तिच्या वांझपणामुळे आपोआप पुरी करता येते, वेगळेपणाची मात्र तपासावी लागते.

अण्णांनी बांधालगतच्या दोन ओळींत अजून एक बारीक हळकुंडाची, उशिरा पिकणारी हळद ठेवली आहे. ती ते विकत नाहीत, घरच्या डब्यापुरती ठेवतात. तिचे गड्डे तपासणीला पाठवू या, असे मी सुचवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की पाठवायचे तर किती पाठवायचे, कारण यंदा कंदकुजीने एक ओळ निम्मी गेली आहे आणि उरलेल्यातून आधी पुढच्या वर्षीचे बेणे निघाले पाहिजे. मोजून पाहिले तर दोन्हींना पुरेल इतके नाही. म्हणून तपासणी एक वर्ष पुढे ढकलली आहे, आणि बेणे नव्या वाफ्यात, पाण्याचा निचरा बरा असलेल्या वरच्या तुकड्यात लावायचे ठरले आहे.